एकच माती, दोन पाये

मालेगावच्या बसस्टँडसमोर खताच्या दुकानावर इंजिनिअर मोहनसिंग सरांचं ऑफिस होतं. खाली पोती उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा चालू होता. वर धम्मदीपा भगत कॉम्प्युटरसमोर बसून एका लोखंडी सभागृहाच्या पायाचं मॉडेल करत होती.

काम तिच्या सवयीचं होतं. खांबांच्या ओळीखालून काँक्रीटची लांब सलग पट्टी जाते. सॉफ्टवेअरमध्ये त्या पट्टीखाली मातीच्या जागी स्प्रिंगांची रांग मांडायची. माती कडक असली तर स्प्रिंग ताठ, भुसभुशीत असली तर मऊ. मग छपराचा भार द्यायचा, वाऱ्याचा जोर द्यायचा, की पट्टी कुठे दबेल आणि कुठे वाकेल ते रंगांत दिसतं. हिरवं आलं की पाया चालतो, लाल आलं की चालत नाही. एरवी या कामात तिला जेवणाची आठवण राहत नसे. आज मात्र ती दर थोड्या वेळाने उठून खिडकीशी जात होती, परत येऊन बसत होती. कारण हे सभागृह तिच्याच गावचं होतं.

तिच्या गावात भंडारा असो, लग्न असो, बौद्धवस्तीची पंगत वेगळी बसे. सगळं गाव जेवून उठलं की मग रस्त्यापलीकडे, बाभळीखाली. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. कोणी कोणाला अडवत नव्हतं, फक्त कोणी सोबत बसत नव्हतं. धम्मदीपाचे वडील जानराव निमूटपणे जाऊन जेवून येत. ती लहानपणापासून गेली नव्हती. आता सरकारने सर्वांसाठी सभागृह मंजूर केलं होतं आणि त्याची जागा गावाच्या खालच्या अंगाला, वस्तीला लागूनच होती. सरपंच जगदेव यांना ते वर, देवळाजवळ हवं होतं. तिथे वस्तीतल्या लग्नाला तारीख मिळणार नाही, हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं.

मोहनसिंग सर आत आले आणि तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"दोन मॉडेल कर," ते म्हणाले. "वरच्या जागेले काळी माती काढून मुरूम भरला असं धर. खालच्या जागेले काळी माती तशीच ठेव."

"दोनी जागी काळीच माती आहे, सर. मुरूम भरायचा तर दोनीकडे भरू."

"सरपंच सांगते तसं कर. खालची जागा लाल आली पायजे, म्हंजे जागा बदलता येईन."

ते खाली चहाला गेले. धम्मदीपाने दोन्ही मॉडेलांत कडक मुरुमाची सारखीच ताठ स्प्रिंग घातली. दोन्ही पट्ट्या हिरव्या आल्या. मग सांगितल्याप्रमाणे खालच्या जागेची स्प्रिंग मऊ केली. क्षणात खांबांखालची पट्टी लालभडक झाली. एका बोटाने झालं होतं सगळं. त्या लाल पट्टीच्या पलीकडे तिचं घर होतं, आणि यापुढे गावातला कोणीही म्हणू शकणार होता की तुमची जमीनच वाईट.

सर परत आले तेव्हा तिची बॅग खांद्याला होती.

"हे माह्याकडून होनार नाई, सर."

"बस खाली. मी बंजाऱ्यायच्या तांड्यातून आलो, धम्मदीपा. मलेबी लोकायनं दारात उभं ठेवलं. पन धंदा करायचा तर काई गोष्टी गिळा लागते."

"तुमी दारात उभे राह्यले, आन आता माह्या बापाले तिथंच उभं ठेवता?"

ती जिना उतरून गेली.

घरी पोचली तर बातमी तिच्याआधी पोचली होती. जानराव ओट्यावर उकिडवे बसले होते. आई रुख्मिणी चुलीपुढून सारखी दाराकडे येत होती, परत जात होती.

"जगदेवभाऊ येऊन गेले," जानराव म्हणाले. "त्यायचं वावर मी अर्ध्या बटईनं करतो. पोरीले समजाव म्हने."

"मंग समजावा."

"काय समजावू? तुले शिकोलं कायले, मान खाली घालाले?" ते चिडून म्हणाले, पण राग कोणावर ते त्यांनाही कळत नव्हतं. "पन खाऊ काय आपन, ते सांग."

"खाऊ काईबी," रुख्मिणी आतून म्हणाली. "बाभळीखालच्या जेवनानं कोनाचं पोट भरलं आजवर?"

जागा ठरवायला ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मोहनसिंग सरांनी पडद्यावर मॉडेल दाखवलं. खालची पट्टी लाल, वरची हिरवी. जगदेव समाधानाने म्हणाले, "पाहा, आमच्या मनचं काई नाई. कॉम्प्युटरच सांगते."

मागच्या बाजूला, बायकांत बसलेली धम्मदीपा उठली.

"सर, हिरव्या पट्टीखाली कोनती माती धरली?"

"मुरूम. भरलेला."

"आन लाल पट्टीखाली?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. "काळी."

"खाली काहून नाई भरला?"

"तुही वस्ती तिथं आहे म्हनून बोलून राह्यली तू!" जगदेव ओरडले.

"बरोबर आहे भाऊ. मी माह्या वस्तीचीच आहे. माह्यावर भरोसा ठेवू नका. दोनी जागी खड्डा करा. सगळे मिळून पाहू."

नालीच्या कामाचा जेसीबी गावातच उभा होता. लोक उठले, काही तमाशा म्हणून, काही खरंच पाहायला. आधी देवळाजवळ खोदलं. वर भेगाळलेली काळी माती, खाली पिवळसर मुरूम. मग सगळा घोळका उतरून वस्तीकडे आला. तिथेही काळी माती निघाली, आणि तेवढ्याच खोलीवर जेसीबीची बकेट मुरुमावर खरखरली. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

जगदेवांची म्हातारी आई भागिरथा काठी टेकत पुढे आली. "सांगा ना इंजिनिअर सायेब, फरक काय?"

मोहनसिंग सरांनी खड्ड्याच्या काठावर वाकून मुरुमाचा खडा उचलून पाहिला. मग म्हणाले, "फरक नाई, माय. माती एकच आहे. पाया दोनीकडं सारखाच उभा राहीन. मी दाखवला तो चुकीचा होता."

जगदेवांचा चेहरा उतरला, आणि मग इतकी वर्षं कोणी उघड न बोललेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"माती एक असंन! पन तिथं जेवाले कोन जाईन?"

वस्तीतल्या बाया पदर तोंडाशी धरून पाहत होत्या. तेव्हा जानराव पुढे आले.

"भाऊ, मी तुमच्या मागून जेवत आलो. घरी पोरगी इचारे, बाबा, आपन शेवटी काहून? मी सांगो, आपल्याले घाई नाई. खोटं सांगो मी. आजपासून त्या पंगतीले येनार नाई. हॉल इथं होऊ द्या. पयली पंगत आमी देऊ, साऱ्या गावाले. सोबत बसायचं असंन त्यानं यावं."

मंजूर झालेली जागा बदलायला कारणच उरलं नाही. जगदेवांनी जानरावांकडून वावर काढून घेतलं. रुख्मिणी रोजाने दुसऱ्यांच्या शेतात जाऊ लागली. धम्मदीपाने मालेगावात एका खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. सुरुवातीला कोणी येत नसे. काळी माती काढून मुरुमावर काँक्रीटची पट्टी पडली, तिच्यावर खांब चढले, छप्पर बसलं.

पहिल्या पंगतीच्या दिवशी वस्तीने घरोघर जाऊन आवतण दिलं. दुपार झाली. डाळ-भाजी, पोळ्या, बुंदी सगळं तयार. पत्रावळींच्या रांगा मांडलेल्या. गावाकडच्या रस्त्यावर कोणी दिसेना. जानराव दारापर्यंत जात, परत येत. भागिरथा आली, एकटीच, आणि मधल्या रांगेत बसली. तिच्यामागून वरच्या आळीतल्या दोन सुना आल्या. पण रांगा मोकळ्याच होत्या.

एवढ्यात मोहनसिंग सरांची मोटरसायकल येऊन थांबली. त्यांनी खांबांच्या बुडाशी हात लावून पाहिलं आणि भागिरथेसमोर मांडी घालून बसले. रुख्मिणीने वाढलं. पहिला घास तोंडाशी नेताना त्यांचा फोन वाजला.

"हो, सरपंच," ते मोठ्याने म्हणाले. "नाई, ऑफिसात नाई. तुमच्या गावच्या हॉलमदी जेवून राह्यलो. तुमची मायबी बसली आहे. तुमी या ना."

फोन कट झाला. सरांनी तो खिशात ठेवला आणि जेवायला लागले. धम्मदीपाने भागिरथेच्या शेजारची मोकळी पत्रावळ जगदेवांसाठी सरळ करून ठेवली, पाण्याचा ग्लास भरून ठेवला, आणि बुंदीचं भांडं घेऊन तिथेच उभी राहिली.