डावीकडची थाप

चार स्पीकर, अकरा हेल्मेट, एक बॉल. प्रेक्षक एकही नाही. उचलगाडीच्या पाळण्यातून त्या सकाळी मला एवढंच मोजता आलं; मैदानाचं पलीकडचं टोक सरोवरावरून आलेल्या धुक्यात गेलं होतं. खालून कोच सिकोर्स्कींनी हात वर केला, मी बटण दाबलं आणि साठ हजार माणसं एकदम ओरडायला लागली.

ते रेकॉर्डिंग होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये परक्या मैदानावर असा गोंगाट असतो की डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही, म्हणून शिबिरात आम्ही रिकाम्या बाकांसमोर तो लावून सराव करतो. एरवी त्याचं काही वाटत नाही. धुकं असलं की मात्र ते लोक खरंच समोर बसल्यासारखे वाटतात, आणि मी पलीकडे बघायचं टाळते.

खाली राखीव खेळाडूंची फळी वाकून उभी होती. मधे सेंटर, एक हात बॉलवर. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड. क्वार्टरबॅक त्यांच्या मागे काही पावलांवर. सेंटरला मागचं काही दिसत नाही, गोंगाटात ऐकूही येत नाही. म्हणून उजवा गार्ड मान खाली घालून स्वतःच्या पायांमधून मागे बघत राहतो. क्वार्टरबॅकने खूण म्हणून पाय उचलला की गार्ड सेंटरच्या कमरेवर थाप मारतो. सेंटर मान वर करतो, ते बघून फळी सावध होते, एक ठोका जातो आणि बॉल मागे सुटतो. सगळं त्या थापेवर चालतं.

"बंद कर!" कोचनी हातवारे केले. साठ हजार माणसं गप्प झाली. "टिलमन, या वर्षीचा नियम काय आहे?"

उजवा गार्ड टिलमन सरळ झाला. "पाय उचलला तर लगेच थाप नाही, कोच. एक क्षण थांबायचं. त्याने पाय परत टेकला तर थाप रद्द."

"शाब्बास. पाठ झालाय. आता करून पण दाखव."

कीनन ब्रॉडस बाजूला आपल्या पाळीची वाट बघत होता. तेवीस वर्षांचा, मानेपेक्षा खांदे आधी सुरू होणारा. "आजोबा," तो सेंटरला म्हणाला, "गुडघ्यांत तेल घाला जरा. स्पीकर बंद झाल्यावर तेच वाजतायत."

"वाजतायत म्हणून मी कुठे आहे ते तुला कळतं तरी," ओरिन हॅस्केट मागे न बघता म्हणाला. "तू कुठे असतोस ते फक्त तुला पाडणाऱ्यालाच माहीत."

फळी हसली. ओरिन हसला नाही. तो डाव्या हाताने कंबर चाचपत होता.

राखीव सेंटरची जागा एकच होती, माणसं ही दोन. मी भौतिकशास्त्र शिकून या संघात लागले, आणि फळीतल्या माणसांची मापं काढणं हे माझं काम. कीननची ताकद जास्त, पहिलं पाऊल जलद. ओरिन बत्तीस वर्षांचा, पश्चिम टेक्सासचा. सात वर्षं कायम राखीव, एकदाही पहिल्या फळीत नाही. पण समोरचे काय करणार ते त्याला आधी कळायचं आणि तो सगळ्यांना सांगायचा. त्या सात वर्षांत त्याच्या डावीकडे टाविता नावाचा, मूळचा सामोआ बेटांवरचा गार्ड असायचा. तेव्हा थाप मारायचं काम डाव्या गार्डचं होतं. टाविता गेल्या एप्रिलमध्ये झोपेतच गेला. हृदय. तो डबाबंद बीफ आणि भात घरून घेऊन यायचा आणि कोणी नको म्हटलं तर रागवायचा. त्याच्यानंतर कोचनी थाप उजवीकडे दिली, आणि डाव्या गार्डने दोन्ही हात जमिनीवर ठेवायचे असं ठरवलं.

दुपारी मी चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत बघत होते. कोच सूर्यफुलाच्या बिया चावत मागे उभे होते.

"मला म्हातारा ठेवायचाय," ते म्हणाले. "त्याच्या डोक्यात डावांचं अख्खं पुस्तक आहे. तू फक्त 'ठेवा' म्हण."

"हे बघा," मी म्हणाले.

क्वार्टरबॅकचा पाय वर गेला. पुढच्या काही चौकटींत टिलमनचा हात हलायला लागला होता, कमरेपर्यंत पोचला नव्हता. ओरिनची मान वर आली होती.

"परत दाखव."

मी परत दाखवलं. मग दुसरं. मग तिसरं. सगळीकडे तेच.

कोचनी बिया कागदी पेल्यात थुंकल्या. "बॉल अंदाजाने देतोय."

"अंदाज असता तर कधीतरी पायाच्या आधी मान वर आली असती. क्वार्टरबॅक मुद्दाम वेळ बदलत होता. याची मान नेहमी पाय उचलल्यानंतरच वर येते. त्याला मागचं दिसत असल्यासारखी."

"प्रोफेसर, माणसाला मागे डोळे नसतात."

"म्हणून तर दाखवतेय."

"अंदाजच आहे," ते म्हणाले. "आणि अंदाजावर जगणारा सेंटर एक दिवस बॉल क्वार्टरबॅकच्या तोंडावर मारतो. नीट मोज. तो थापेवर देत असेल तर राहील. स्वतःच्या मनाने देत असेल तर नाही."

माझ्याकडे दाब मोजणाऱ्या पातळ पट्ट्या होत्या आणि त्यांचे आकडे दाखवणारं छोटं यंत्र. दुसऱ्या दिवशी सरावाआधी मी एक कीननच्या कमरेला लावून त्याला परत परत वाकायला लावलं. नुसतं वाकल्याने पट्टीवर काहीच उमटत नाही, एवढी खात्री केली. मग ओरिनच्या उजव्या कमरेला लावली, जिथे टिलमनची थाप बसते.

निकाल चित्रणासारखाच आला. आधी मान, मग उजव्या पट्टीवर दाब. एकदा टिलमनचा हात घामाने घसरला, थाप बसलीच नाही. बॉल तरी वेळेवर सुटला.

पट्टी काढायला ओरिन माझ्यासमोर उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण डॉक्टरसमोर उभं राहावं तसा.

"मॅडम, ही पट्टी नुसता आकडा सांगते की हात कोणाचा तेही?"

"नुसता आकडा."

"मग बरंय."

"ओरिन, तुम्ही टिलमनच्या थापेची वाट बघत नाही."

"बघतो की. पण दुसरी आधी येते." तो खाली वाकला, बुटाची सुटलेली नाडी बांधली, आणि वाकलेलाच राहून म्हणाला, "डावीकडून."

डावा गार्ड समोरच बाकावर पाणी पीत होता. त्याचे दोन्ही हात प्रत्येक चौकटीत जमिनीवर होते. ते मी पाहिलं होतं.

"कधीपासून?"

"शिबिराच्या पहिल्या दिवसापासून. मला वाटलं सवय असेल. अंगाला सवय लागते ना? पण सवयीला क्वार्टरबॅकचा पाय कसा दिसेल?" त्याने माझ्याकडे बघितलं. तोच प्रश्न मला पडला होता. "मी घरी पण करून बघितलं, मॅडम. अंगणात बॉल ठेवून वाकलो. बायकोला म्हटलं, रेडिओ जोरात लाव. ती म्हणाली, वेड लागलंय. काही आलं नाही. परत केलं, परत काही नाही. तो इथेच येतो. त्याला आमच्या अंगणाचं काय माहीत?"

मी पट्टी गुंडाळत राहिले.

"कोचना सांगू नका असं म्हणत नाही मी," तो म्हणाला. "जे आहे ते सांगा. पण माझं नाव संघाच्या यादीत राहिलं तर तो अजून एक हंगाम येईल. एवढंच आहे माझं. बाकी फुटबॉल माझ्यासाठी गुडघ्यांसकट संपलंय."

मी कोचना सांगितलं की मान थापेच्या आधी येते आणि कारण मला माहीत नाही. दोन्ही खरं होतं. ते म्हणाले, शेवटच्या सराव सामन्यात बघू.

सामना परगावी होता, बंदिस्त मैदानात. इथे गोंगाट खरा होता. ओरिन तिसऱ्या पाळीत आत गेला आणि बराच वेळ त्याच्यासारखा दुसरा सेंटर नाही असं खेळला. समोरून दोघे धावून येणार हे त्याने दोनदा आधी ओळखलं आणि हाताने दाखवलं. कोच माझ्या खांद्यावर चापट मारून म्हणाले, "बघ, म्हातारा!"

मग तो डाव आला. क्वार्टरबॅकने पाय उचलला. समोरचे सरकले. क्वार्टरबॅकने ते पाहिलं, पाय परत टेकला आणि मागच्या धावपटूला काही सांगायला बाजूला वळला. टिलमन नियमाप्रमाणे थांबला. त्याचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता.

ओरिनची मान वर आली. एक ठोका गेला.

बॉल वळलेल्या क्वार्टरबॅकच्या कानाजवळून मागे गेला आणि उसळत राहिला. विरुद्ध संघाच्या एकाने तो उचलला आणि कोणी अडवायच्या आत गोलरेषा ओलांडली. एवढ्या मोठ्या आवाजात मी ओरिनकडे बघत होते. तो मागे वळला नव्हता. तो डावीकडे बघत होता. काहीतरी समजावून सांगायला उशीर झाल्यासारखा.

"थाप मारलीस तू?" कोचनी टिलमनला बाजूला ओढलं.

"नाही कोच! आईशप्पथ नाही. पाय टेकला ना त्याने!"

"ओरिन?"

"आली होती, कोच."

कोच माझ्याकडे वळले. त्यांना काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. टिलमन घाबरून चुकला असं मी म्हटलं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं. टिलमनची जागा पक्की होती, त्याला ओरडा बसला असता आणि विषय संपला असता. टिलमन माझ्याकडे बघत होता. ओरिन बघत नव्हता.

"टिलमनचा हात गुडघ्यावर होता," मी म्हणाले. "पूर्ण वेळ."

संघाची अंतिम यादी लागते त्या दिवशी सकाळी न्याहारीच्या हॉलमध्ये कोणी कोणाशी फार बोलत नाही. ज्याचं नाव कापलंय त्याच्या मागे एक माणूस येऊन उभा राहतो आणि हळूच म्हणतो, "कोचनी बोलावलंय. टॅब बरोबर घे." टॅबमध्ये सगळे डाव असतात, तो परत द्यायचा असतो. टेबलावरचे बाकीचे त्या वेळी ताटात बघतात. तो माणूस ओरिनच्या मागे थांबला तेव्हा ओरिनने आधी अंडी संपवली, ताट नेऊन ठेवलं, मग टॅब उचलला. जाताना त्याने कीननच्या डोक्यावर हात ठेवला.

"मान लवकर वर नको करूस," तो म्हणाला. "टिलमन चांगला मुलगा आहे. त्याची वाट बघ."

कीननने कसलाही विनोद केला नाही. "हो, सर," म्हणाला.

दुपारी शिबिर मोडत होतं. धुकं पुन्हा आलं होतं, आणि सरोवरावर कुठेतरी एक मालवाहू बोट भोंगा वाजवत होती. मी मैदानावर तारा गुंडाळत होते. ओरिन जीन्स घालून, खोकं हातात घेऊन धुक्यातून आला. खोक्यात बुटांचे दोन जोड आणि एक जुना बॉल होता.

"मॅडम, तो आवाज एकदा लावाल का?"

"एकट्यासाठी?"

"ट्रक लांब उभा केलाय. जाता जाता." त्याने खोकं खाली ठेवलं. "त्याला हा नवा नियम कोणी सांगितलाच नाही, मॅडम. एप्रिलनंतरचा नियम आहे हा. तो त्याच्या हिशोबाने बरोबरच होता. मला फक्त एवढं बघायचंय की तो माझ्यावर चिडलेला तर नाही."

मी पेटीतून पट्ट्या काढल्या. त्याने काही न विचारता हात वर धरले. एक उजवीकडे लावली, आणि या वेळी एक डावीकडेही.

"अंगणात आला नव्हता," तो म्हणाला. "इथे पण कोणी नाहीये आता. ना फळी, ना क्वार्टरबॅक. कदाचित नाही येणार."

"कदाचित," मी म्हणाले.

त्याने बॉल गवतावर ठेवला, पाय रोवले, वाकला. मी स्पीकर लावले आणि रिमोट घेऊन त्याच्या मागे दहा पावलांवर उभी राहिले. लोक ओरडायला लागले. समोर पांढरं होतं. त्याच्या आजूबाजूला दोन्हीकडे तुडवलेलं गवत होतं आणि दुसरं काही नव्हतं. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या.

बराच वेळ तो तसाच राहिला. त्याचे गुडघे थरथरायला लागले. मी आवाज बंद करायला रिमोट उचलला, तेवढ्यात त्याची मान वर आली.

बॉल त्याच्या पायांमधून सुटला, माझ्या बाजूने गेला आणि धुक्यात पडला. पडल्याचा आवाज गोंगाटात आला नाही. मी स्पीकर बंद केले.

ओरिन उठला. उठताना त्याला दोन्ही हात मांड्यांवर टेकावे लागले. त्याने स्वतःच पट्ट्या सोडवल्या, नीट घडी करून माझ्या हातात दिल्या. यंत्राकडे त्याने बघितलं नाही.

"बॉल शोधून देते," मी म्हणाले.

"राहू दे, मॅडम. इथेच राहू दे."

त्याने खोकं उचललं आणि ट्रकच्या दिशेने गेला. थोड्या वेळाने ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग गेल्याचा.

मी यंत्राचा पडदा चालू केला.

उजवी पट्टी: शून्य. डावी पट्टी: एकोणीस न्यूटन, एकदा.