कारंज्याभोवतीची गाढवफेरी

पैज लागली ती गास्पारेच्या भट्टीपुढच्या रांगेत, आणि लावली अर्थातच मी. माझं नाव मेओ, धंदा मोच्याचा. कुणाची खोडी काढल्याशिवाय मला अन्न पचत नाही. त्या साली पचवायला अन्नच नव्हतं, ते सोडा.

आमच्या रोममध्ये पावाचा भाव वाढत नाही. पाव लहान होतो. त्या साली तो इतका लहान झाला की मी गास्पारेला विचारलं, हा खायचा की कोटाला बटण म्हणून लावायचा? तो वैतागून म्हणाला की वजनाचा हुकूम वरून येतो, माझ्या हातात काय आहे. आणि समोरच नावोना चौकात, त्याच पावावर बसवलेल्या करातून पोपचं कारंजं उभं राहत होतं. चार नद्यांचे चार दगडी बाप्ये आणि त्यांच्या डोक्यावर मिसरचा उंच खांब.

जे तोंडाने बोलायची सोय नसते ते आम्ही कागदावर लिहून कोपऱ्यावरच्या मोडक्या पुतळ्याला चिकटवतो. पण तिथे आता शिपाई बसवले होते. मी म्हटलं, मग कारंज्याच्या दगडालाच चिकटवतो की. तेही भर दुपारी.

"चिकटव," गास्पारे म्हणाला. "आणि पाणी सुटेल त्या दिवशी चारचौघांत सांग, मी चिकटवला म्हणून. मग मी तुला पाठीवर घेऊन, गाढवासारखा ओरडत कारंज्याला फेरी मारीन. नाही सांगितलंस तर तू गाढव."

सगळ्यात मोठ्याने हसला तो साबातिनो. आमच्याच बोळातला पाथरवट, कारंज्यावर कामाला. दगडातून ताडाची पानं अशी काढायचा की वारा आला की हलतील असं वाटावं. घरात पाच तोंडं, आणि सगळी त्याच्या दोन हातांवर.

दुसऱ्याच दुपारी त्याचे शिवलेले जोडे द्यायला मी कारंज्याच्या कामावर गेलो. गास्पारेचा पाव तोंडात चघळून चघळून मी त्याची खळ केली होती. त्या पावाचा तेवढाच उपयोग होता. साबातिनो वाकून जोडे घालत होता, त्याच्या रुंद पाठीआड मी कागद दगडावर दाबला आणि शीळ घालत निघून आलो. कागदावर लिहिलं होतं: 'हा दगड आमच्यापेक्षा जाड कसा? याला काय खायला घालता?'

तासाभरात सगळा चौक हसत होता. मग शिपाई आले. एकाने खळ नखाने खरवडली, हुंगली. पाव. कामावर दुपारी पाव कुणाला मिळतो? पाथरवटांना. या दगडापाशी कोण होतं? साबातिनो.

मोठ्या रस्त्यावर सगळ्यांसमोर त्याचे हात मागे बांधले, दोरीने वर ओढलं आणि सोडलं. तीन वेळा. दर वेळी विचारत होते, तू नाहीस तर कोण? दर वेळी तो म्हणाला, माहीत नाही. मी पहिल्या रांगेत उभा होतो. नुसतं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. या तोंडाने उभ्या जन्मात कधी गप्प बसणं जमलं नव्हतं, त्या दिवशी जमलं.

खांदे उतरले ते पुन्हा नीट बसलेच नाहीत. वाटी उचलून तोंडाला लावणंही त्याला होईना. ताडाची उरलेली पानं दुसऱ्याने कोरली. त्याची बायको ओर्तेन्झिया चौकात उरलासुरला भाजीपाला वेचू लागली. मी तिच्या पोरांचे जोडे फुकट शिवायचो. ती उंबऱ्यात जोडे टाकायची, शिवून झाले की न्यायची. हिवाळ्यात सगळ्यात धाकट्याचा जोडा आलाच नाही. मी विचारलं नाही.

मग एकदाचं पाणी सुटलं. सगळं रोम लोटलं होतं. गास्पारे माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दोन हातांच्या अंतरावर शिपाई.

"काय मेओ, सांगतोस का काही?"

त्याला ठाऊक होतं. आपला पाव तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

"काही नाही," मी म्हटलं. "हरलो."

"मग हो गाढव. पाठीवर माझ्या जागी साबातिनो."

मी वाकलो. दोघांनी त्याला उचलून माझ्या पाठीवर ठेवलं. त्याला धरता येईना, म्हणून मी हळूहळू चाललो. वजन काहीच नव्हतं. लोक टाळ्या पिटत होते. ताडाच्या दगडी झाडापाशी आल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, "दुसऱ्या वेळी वर ओढलं तेव्हा तुझं नाव घेणार होतो मी."

"मग घ्यायचं होतंस, गड्या."

"हात तर पहिल्याच झटक्याला गेले होते. मग घेऊन काय करू?" टाचेने मला ढोसत तो म्हणाला, "ओरड ना. लोक वाट बघतायत."

मी ओरडलो. लोक सांगतात, इतकं हुबेहूब गाढव नावोनात पुन्हा कुणी ऐकलं नाही.