सतरा नंबरची रिकामी जागा

मी पक्कड बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, विमानातल्या वायरींच्या टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवणारी. मुठीवर सतरा नंबर कोरलाय. माझ्या मालकाबद्दल चांगलं ऐकायला आला असाल, तर चुकीच्या दारात आलात.

मालक म्हणजे रोह्याचा इद्रीस. चौतीस वर्षं आखातातल्या विमानतळावर इंजिनीयर. विमानाच्या इंजिनावर जनरेटर असतो, त्याची वीज सगळ्या विमानभर नीट पोचवणं हे त्याचं काम. कामात तो हुशार, हे मी नाइलाजाने सांगते. प्रत्येक वायर दोनदा ओढून बघायचा. माणसांच्या बाबतीत एवढी काळजी त्याने कधी घेतली नाही.

तिथे एक नियम होता. फळीवर प्रत्येक हत्याराची काळी आकृती रंगवलेली. हत्यार उचललं की त्या जागी आपला पितळी बिल्ला अडकवायचा. शिफ्ट संपताना एक जरी हत्यार कमी भरलं, तर ते सापडेपर्यंत, किंवा विमानात नाही अशी खात्री होईपर्यंत, विमान उडत नाही. चुकून आत राहिलं असेल तर माणसं मरतील.

तेवीस वर्षांपूर्वी इद्रीस आपला बिल्ला खोलीवर विसरला. पेणचा कमळाकर त्याचा जोडीदार, एका ताटात जेवणारा. त्याने आपला बिल्ला दिला. इद्रीसने मला घेतलं, काम केलं, खिशात टाकलं आणि तसाच खोलीवर गेला.

विमान अकरा तास उभं राहिलं. मला परत आणून द्यायला इद्रीसकडे अकरा तास होते. तो घाबरून गप्प बसला. बिल्ला कमळाकरचा, म्हणून दोषही कमळाकरचा. त्याने मित्राचं नाव सांगितलं नाही. मित्र स्वतःच बोलेल असं वाटलं त्याला. आठवड्याभरात नोकरी जाऊन तो पेणला परतला. इद्रीस साहेब झाला आणि मी त्याच्या ट्रंकेत पडून राहिले.

गेल्या महिन्यात रोह्यात इद्रीसचा सत्कार ठरला. कोट काढताना मी त्याच्या बायकोच्या, इशरतच्या हाती लागले. तिने सगळं वदवून घेतलं.

"आधी पेणला जाऊन या," ती म्हणाली. "त्याला तोंड दाखवल्याबिगर शाल घेऊ नका."

कमळाकर भावाच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासत बसला होता. इद्रीसने मला त्याच्यापुढे ठेवलं.

"सतरा," कमळाकर म्हणाला. "तुझ्याकडंच होती?"

"व्हय. त्याच दिवसापासून."

"मला वाटलेलं, खरंच हरवली. म्हणून तुला कवाच माफ केलेलं."

त्याने मला भिंतीला टेकवून पेन्सिलीने माझी आकृती काढली. वर एक खिळा ठोकला. मग मला इद्रीसच्या हातात परत दिलं.

"सत्कारात ही सगळ्यांना दाखव. काय झालं ते सांग. मग इथं आणून टांग. तोवर जागा रिकामी हाय."

रविवारी मी इद्रीसच्या कोटाच्या खिशात होते. "चौतीस वर्षांत एक चूक नाय," कुणीतरी माइकवर म्हणालं. टाळ्या पडल्या. इद्रीसचा हात खिशात आला, त्याने मला घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी या माणसाकडून काही अपेक्षा केली. मग हात मला सोडून बाहेर गेला आणि शाल घ्यायला पुढे झाला.

आता मी त्याच शालीत गुंडाळलेली, पुन्हा ट्रंकेत आहे. इशरत त्याच्याशी बोलत नाही. बरं करते.

तुमचं पेणला जाणं झालं तर माझं एक काम करा. कारखान्याच्या भिंतीवर पेन्सिलीची आकृती दिसेल, वर रिकामा खिळा. तिथे कमळाकरला सांगा, सतरा नंबर पुन्हा ट्रंकेत आहे, हरवलेली नाही. म्हणावं, या वेळी माफ करू नकोस.