मनकर्णाच्या मानेतला स्क्रू

मी स्क्रू बोलतोय. दाराच्या बिजागरीचा नव्हे, खुर्चीचाही नव्हे. मनकर्णाच्या मानेतला. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांचा डोक्यातला ढिला आहे, मी निदान जागेवर घट्ट आहे.

माझा जन्म कारखान्यातला. धातूचं नाव टायटॅनियम. मला स्वतःला ते एका दमात म्हणता येत नाही, शाळा कमी झाली. लांबीला शेंगदाण्याएवढा, अंगाला आटे, डोक्याला खाच. पण रुबाब असा, की वाफेत शिजवून डबीत ठेवलेला, हातमोजे घातल्याशिवाय कोणी शिवत नाही. एवढं सोवळं तुमच्या आजेसासूलाही जमलं नसेल. डोळे मला नाहीत, पण हाडात बसल्यामुळं ऐकू फार छान येतं.

मनकर्णा पाथर्डीकडची. दिवाळीच्या आगंमागं ती आणि तिचा नवरा श्रीमंत कोपरगावकडं ऊसतोडीला जायचे. श्रीमंत हे नुसतं नाव, बाकी विचारू नका. तो ऊस तोडायचा. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. फळी लवायची, मान दबायची. वर्षानुवर्षं हेच. मणके झिजले, त्यांच्या मधल्या गाद्या चपट्या झाल्या, हाडाला कोंब फुटले. मानेची कमान उलटी होऊन डोकं पुढं झुकलं आणि मज्जारज्जूवर, म्हणजे अंगाच्या मुख्य वायरीवर, दाब आला.

आधी चप्पल निसटायला लागली. एक पायात, एक मागं रस्त्यात, आणि बाईला पत्ताच नाही. मग ब्लाऊजचे हूक लागेनात. मग भाकरी थापताना फाटायला लागली. सासू राहीबाई म्हणाली, "ध्यान कुटं आस्तंय गं हिचं?" ध्यान जागेवरच होतं, बोटं ऐकत नव्हती. शेवटी हातातला कोयता गळून पडला, तेव्हा घरच्यांनी तिला नगरला, सावेडीतल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर राजेश्वरीबाईंनी फोटो बघून ऑपरेशन सांगितलं.

"हात पयल्यासारकं व्हतील का?" श्रीमंतनं विचारलं.

"बिघाड आणखी वाढू नये म्हणून ऑपरेशन. सुधारेल तेवढं नशीब. पण डोक्यावर ओझं नाही. कधीच."

श्रीमंतनं 'कधीच' ऐकलं आणि 'सध्या' म्हणून लक्षात ठेवलं. माणसांची ही जुनी खोड.

राहीबाईला वेगळाच घोर. "आन् इस्क्रू ढिला झाला तर? सायकलवाल्याकडं न्यायची का सुनंला?"

"माझ्याकडे आणा," डॉक्टर हसल्या. "सायकलवाल्याचा पान्ना ह्याला बसत नाही."

ऑपरेशनला मनकर्णाला पालथं निजवलं, डोकं चिमट्यात घट्ट धरलं. मागून चीर दिली, मज्जारज्जूवरचं हाडाचं छप्पर काढलं. वायर मोकळी झाली. मग माझी आणि माझ्या भावंडांची पाळी. हाडाला बारीक भोक पाडून एकेकाला फिरवत बसवलं. एका अंगाला मज्जारज्जू, दुसऱ्या अंगाला मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी, मध्ये माझ्यापुरती जागा. एरवी मी सगळ्यांची चेष्टा करतो. तेव्हा मात्र आटा न् आटा सांभाळत आत गेलो.

आता मान कुठं पक्की करायची हा प्रश्न. जास्त वर केली तर बाई जन्मभर आभाळ मोजत हिंडणार, ताटातलं कालवण दिसायचं नाही. जास्त खाली केली तर स्वतःचे अंगठे बघत बसणार. मदतीला असलेले डॉक्टर सहादेव म्हणाले, "जरा खालीच ठेवू या का मॅडम? या बायका खालीच बघतात."

"का म्हणून? समोर बघू दे तिला," राजेश्वरीबाई म्हणाल्या. चिमटा सैल केला, डोकं जरा मागं घेतलं, पुन्हा आवळला. एक्स-रे घेऊन खात्री केली. मग सळई हातानं वाकवून तशीच कमान दिली, ती आमच्या खाचांत बसवली, वरून टोपणं आवळली. भोवती हाडाचा चुरा पसरला. तो हळूहळू जुळून एकसंध व्हायला हवा. त्याआधी ओझं पडलं तर मी उखडणार, आणि मी उखडलो की तिचे हात पुन्हा कामातून गेले.

घरी आल्यावर गळ्याला पट्टा. चप्पल पायात राहायला लागली. बोटं हट्टी, पण हूक लागू लागले.

दसऱ्याच्या तोंडावर मुकादम बिभीषण दारात आला. ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा.

"श्रीमंतराव, औंदा तुमचा कोयता धरू न्हवं?"

"धरा की. आता लई बरी हाय ती. हळूहळू मोळी उचलंल."

मनकर्णा चौकटीला टेकून उभी होती. मुकादमापुढं ती कधी बोललेली नव्हती. डोक्यावर पदर, विचारलं की मान हलवायची, झाला होकार. इतकी वर्षं नंदीबैलाची शिंगं तेवढी कमी होती.

"काय गं मने, जाशील न्हवं?" राहीबाईनं विचारलं.

सगळे तिच्या मुंडीकडं बघायला लागले.

"हालली का?" बिभीषण म्हणाला.

"मला न्हाई दिसली," राहीबाई म्हणाली.

"पट्ट्यामुळं दिसत न्हाई," श्रीमंत म्हणाला. "आतून हालली आसंल."

साफ खोटं! आतून मी होतो. आणि पट्टा असला तरी माझ्या वरचा सांधा मोकळाच होता. मनात असतं तर हनुवटी तेवढी लवली असती.

"न्हाई हालवली," मनकर्णा म्हणाली. "मी येनार न्हाई, भाऊजी. मोळी उचलनार न्हाई."

बिभीषणनं चहाची बशी खाली ठेवली. "मग श्रीमंतराव अर्दाच कोयता झालं की, वहिनी."

"हू द्या अर्दा. मी तरी सबंद ऱ्हाते."

श्रीमंत रुसला, जेवला नाही, मग भूक लागल्यावर जेवला. शेवटी एकटाच असलेल्या चुलतभावाला, अंगदला, जोडीला घेऊन गेला. राहीबाई शेजारणींना सांगत सुटली, "आमच्या श्रीमंतानं मिशावाली बायकू केली!"

आता माझ्याभोवती हाड धरत चाललंय. पुरतं जुळलं की माझं काम संपेल. मला गंज चढत नाही, कोणी काढायलाही येणार नाही. आयतं बसून खाणारा पाहुणा होऊन राहीन.

तुम्हाला विनंती एकच. मनकर्णाला हाक मारायची तर समोर येऊन मारा. मागून मारली तर तिला सबंध अंग वळवावं लागतं, आणि हल्ली ती कुणासाठीही वळत नाही.