ज्या पहाटे मी ओरडले नाही

मित्रांनो, माझा आवाज ऐकलात तर कानांवर हात ठेवाल. मी विहिरीवरची एक जुनी लोखंडी कप्पी आहे. म्हैसूरहून टी. नरसीपूरकडे जाताना लागणाऱ्या एका नारळाच्या बागेत माझं सारं आयुष्य गेलं. शिवणकामात नाव कमावलेल्या मराठी घराण्याची ही बाग. पुढे घरात नळ आले, बोअरवेल आली, पण देवघरातल्या विठ्ठलाच्या स्नानाला पाणी विहिरीचंच लागे. सरोजिनीबाईंचा तसा हट्टच होता.

रोज पहाटे त्यांचे यजमान रघुनाथराव दोर ओढत. मी किंचाळले की सरोजिनीबाई कळशी घेऊन बाहेर येत आणि घर जागं होई. पुण्याहून आलेली सून चैत्राली मात्र उशीत डोकं खुपसून मला शिव्या घाली. हिला तेल तरी घाला, असं ती सगळ्यांना सांगे. रघुनाथराव हसून सोडून देत. मला राग येई. एवढी राबते, तर थेंबभर तेलही मिळू नये?

तेल मिळालं, पण ते अशा हातांनी, की नको झालं. एका एकादशीला रघुनाथरावांनी अजून दोराला हातही लावला नव्हता, तोच त्यांचा पुतण्या पद्मनाभ अंधारातून आला. बाग विकून प्लॉट पाडू या, असा लकडा त्याने वर्षभर लावला होता आणि रघुनाथराव बधत नव्हते. त्या दिवशी तो वाद घालायला आला नव्हता. त्याने त्यांना विहिरीत ढकललं. मग खिशातून बाटली काढून माझ्या आसावर तेल ओतलं आणि बादली आत सोडली. मी फिरले, पण आवाज फुटला नाही. कोणी बाहेर आलं नाही. मित्रांनो, सगळं पाहूनही मी मुकी राहिले.

पाणी काढताना तोल गेला, असंच सगळ्यांनी मानलं. सरोजिनीबाईंनी अन्न टाकलं. "मीच विहिरीचं पाणी पायजे म्हटलं, अल्वा, होय ना? मीच मारलं त्यांना," एवढंच त्या म्हणत. सासूबाई अशाच खंगून जातील, या भीतीने चैत्रालीला चैन पडेना. त्या पहाटे आपल्याला जाग कशी आली नाही, हेही तिला उमगेना. अखेर ती विहिरीवर आली, तिने दोर ओढला, आणि मी गप्प असलेली पाहून ती दचकली.

मला तेल कोणी घातलं, हे तिने घरातल्या प्रत्येकाला विचारलं. पद्मनाभ सहज म्हणाला, "मीच एण्णे घातली, वैनी. तुमालाच त्रास व्हायचा नव्हे? आदल्या दिवशी दुपारी घातली आणि म्हैसूरला गेलो. निरोप आल्यावरच परत आलो."

चैत्राली हळू आवाजात म्हणाली, "भावजी, त्याच संध्याकाळी वीज गेली म्हणून मी विहिरीतून पाणी ओढलं. तेव्हा कप्पी ओरडली होती."

मग तिने पोलिसांना बोलावलं. त्यांनी पद्मनाभच्या मोबाईलची माहिती काढली. त्या पहाटे तो बागेतच होता. मग त्याने सगळं कबूल केलं.

सरोजिनीबाई त्यानंतर बऱ्याच दिवसांनी विहिरीवर आल्या. वाऱ्यापावसात तेल वाहून गेलं होतं. त्यांनी दोर ओढला आणि मी पूर्वीसारखीच किंचाळले. त्या दोर धरून रडल्या. चैत्राली धावत आली. तेल घालू का, असं तिने विचारलं.

"बेडा, नको," त्यांनी मान हलवली. "ओरडू दे तिला."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा जरूर राखा. पण एखादी माझ्यासारखी कुरकुरत असेल, तर तिला गप्प करण्याआधी ती कोणाला जागं करते ते पाहा.