चढणीवरचे पाच दगड

घणाचा आवाज आला तेव्हा आबा उंबऱ्यावर बसून पायात बूट घालत होता. एक बूट चढवायचा, दम खायचा, मग दुसरा. पण तीस वर्षं खाणीत घण मारलेल्या माणसाला आवाजावरून दगड कळतो. हा त्याचा बसायचा दगड होता.

"कोण फोडतंय गं?"

"पोरगा. फोडू दे," बायको चुलीपासूनच म्हणाली. "तुम्ही गप घरात बसा."

खाणीच्या धुळीनं आबाची फुप्फुसं खाल्ली होती. दवाखान्यातली नर्सबाई मोठी फटकळ. तिनं तोंडावर सांगितलं होतं, "बसून राहिलात तर खाटेला खिळाल. रोज चालायचं. दम लागला की टेकायचं, पण परत उठायचं." आता घरापासून विहिरीपर्यंत सगळी चढण, त्यात खडीच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जाणार. म्हणून आबानं पोराच्याच ट्रॉलीतून पाच सपाट दगड आणवून वाटेकडेला मांडले होते. थंडीत तो कसाबसा पहिल्यापर्यंत जायचा. आता चौथा गाठला होता. पाचवा विहिरीपाशी.

पण गावाच्या तोंडाला कुणी हात लावावा? आबा दगडावर टेकून धापा टाकायला लागला की समोरचा न्हावी ओरडायचा, "आला रे लोहाराचा भाता!" काल पोरानं त्या न्हाव्याला दुकानातून फरफटत बाहेर काढला आणि त्याचे दोन दात पाडले. तेवढ्यानं राग निवला नाही, म्हणून आज बापाचे दगड फोडायला निघाला. रोग रेड्याला अन् डाग पखालीला, दुसरं काय?

आबानं काठी घेतली आणि निघाला.

पहिल्या दगडाचे चार तुकडे झाले होते. दुसऱ्याचाही चुरा. टेकायला जागा नाही. आबा काठीवर वाकला, नर्सबाईनं शिकवल्यासारखा ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहिला. छातीत कुणीतरी करवत ओढत होतं. तरी रागानं पाय उचलले.

तिसऱ्या दगडाशी पोरगा घण उगारून उभा होता.

"घरी जा, आबा. लोक हसतात."

"हसू दे. हसण्यानं... मी मरत नाही. घरात बसून मरेन."

"मला तोंड दाखवायला जागा नाही!"

आबानं सगळा जीव हातात आणून काठी हाणली. ती पोराच्या मनगटावर बसली, कडकन वाजली. पोरानं कळवळून बापाला ढकललं. आबा कडेच्या खडीत आपटला, कोपर सोलून निघालं, श्वास कुठं गेला ते कळेना. न्हावी सुजलेलं तोंड घेऊन दारात आला, पण आज त्याला हसू फुटलं नाही.

पोरानं दात-ओठ खाऊन घण घातला. दगड जिथून फुटतो ती शीर कुठून जाते ते बघितलंच नाही. दगड उभा दुभंगला आणि एक कपची उडून त्याच्या भुवईत घुसली. रक्त डोळ्यात उतरलं. घण टाकून तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याला खोकला लागला.

खोकला थांबेना. पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकला. शेवटी श्वास आत घेतला तेव्हा बारीक शिट्टी वाजली. ती शिट्टी आबाच्या चांगल्या ओळखीची होती.

तो सरकत सरकत दगडाच्या एका अर्ध्यावर बसला.

"शीर बघून घाव घालावा, इतकं शिकवलं होतं तुला," तो धापा टाकत म्हणाला. "बस."

पोरगा दुसऱ्या अर्ध्यावर बसला. बापानं गळ्यातलं उपरणं काढून त्याच्या भुवईवर दाबून धरलं.

"कधीपासून आहे हे?"

"थंडीपासून. बिडीचा खोकला आहे, आबा. आमच्या खडीयंत्रावर सगळ्यांनाच असतो."

"मीपण हेच म्हणायचो."

मग आबा काठी रोवून उठला आणि चढणीला लागला. चार पावलं गेल्यावर थांबून मागं वळला.

"वरचे दोन फोडू नकोस, लेका," तो म्हणाला. "तुला लागतील."