दुसऱ्याचंही एक हवंच

जळालेली मोटर दुकानात आली की मोटरवाली ती आधी हुंगायची. वास नुसता करपट आहे की पार जळका, यावरून आतलं किती शाबूत असेल हे तिला कळायचं, आणि अंदाज सहसा चुकत नसे. मोटर दुरुस्तीचं हे काम ती वडिलांच्या हाताखाली शिकली. वडील गेल्यावर गल्ली म्हणाली, आता हे शटर कायमचं खाली. तिने दुसऱ्याच आठवड्यात ते वर केलं आणि तेव्हापासून तिचं नाव मोटरवाली पडलं ते पडलंच.

नवऱ्याच्या बाबतीत मात्र तिचं नाक चुकलं. तो नोकरीसाठी परगावी गेला आणि तिथेच दुसरीबरोबर राहू लागला. मुलगी चिंगी तेव्हा चार वर्षांची. त्याआधी दोन वर्षं मोटरवाली दुसऱ्या मुलाचा विषय काढत होती आणि तो म्हणत होता, "यंदा नको, पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष आलं ते कोर्टाच्या तारखा घेऊन.

"दुसरं झालं असतं तर त्याचा पाय घरात अडकला असता गं," मावशी हळहळायची.

"काही अडकला नसता. एकीला टाकून गेला, तो दोघांना टाकून गेला असता," मोटरवाली म्हणायची.

उत्तर खणखणीत होतं. पण दुसरं मूल हवंसं वाटणं काही नवऱ्याबरोबर परगावी गेलं नव्हतं. बहिणीचं बाळ मांडीवर घेतलं की ते पुन्हा डोकं वर काढायचं. अशी सहा वर्षं गेली. ती छत्तीसची झाली, चिंगी दहाची.

मग दुकानात एक गृहस्थ, पंपवाले, येऊ लागले. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी, चाळिशी उलटलेली, बोलणं बेताचं. एक मोटर दुरुस्त करून नेली, तरी "आवाज जरा वेगळा वाटतोय" म्हणत दोनदा परत आले. तिसऱ्या खेपेला मोटरवाली म्हणाली, "मोटर ठणठणीत आहे. तुमचं काय बिघडलंय ते सांगा."

ते कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी सांगून टाकलं.

त्यांचंही पहिलं लग्न मोडलेलं, एवढं तिला ठाऊक होतं. का मोडलं ते तिने विचारलं नव्हतं. तिला कुणी विचारलेलं तिलाही खपत नसे.

लग्नाची बोलणी करायला ते तिच्या आईच्या घरी आले. मावशी हजर होतीच. चहाचा कप हातात देऊन तिने थेट मुद्द्याला हात घातला. "पहिल्याची एक आहे, ते ठीक. पण दुसऱ्याचंही एक हवंच. नाहीतर संसाराला धरून ठेवणार कोण? तेव्हा उशीर नको. हिचं वय काही थांबत नाही."

पंपवाल्यांनी कप खाली ठेवला. "मावशी, ते माझ्याकडून होणार नाही. दोष माझ्यात आहे. आठ वर्षं आम्ही माझ्या बायकोला या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरवलं. माझी आई तिला नाही नाही ते बोलली आणि मी ऐकत बसलो. शेवटी ती गेली. आज तिला दोन मुलं आहेत. त्यानंतर मी स्वतःला तपासून घेतलं. आधीच घ्यायला हवं होतं."

मावशी घाईघाईने कपबशा गोळा करायला लागली. ते गेल्यावर आई हळूच म्हणाली, "नाही म्हटलंस तरी तुला कुणी बोलणार नाही."

मोटरवाली आठवडाभर दुकानात राबत होती. हात तारेची कॉइल भरत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं: हो म्हटलं, की दुसरं मूल संपलं. नाही म्हटलं, तरी ते कुठून येणार होतं? पण आशा अशी हिशेबाने सुटत नाही. शेवटी एक दिवस मोटरवाली दुकानाच्या मागे जाऊन मनसोक्त रडली, तिने तोंड धुतलं आणि दुपारी शटर ओढून सरळ पंपघर गाठलं.

मोटरींच्या घरघरीत तिला मोठ्याने बोलावं लागलं. "मला एकटीला आधी सांगता आलं नसतं? मावशीसमोर कशाला?"

"तुम्हाला एकटीला सांगितलं असतं तर तुम्ही ते पोटात ठेवलं असतं," ते म्हणाले. "मग दोन वर्षांनी लोक तुम्हालाच बोलले असते. एका बाईला मी तो बोल लागू दिलाय. दुसरीला नाही लागू देणार."

ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "मला दुसरं हवं होतं. अजूनही वाटतं. हे माहीत असू द्या, आणि कधी डोळ्यांत पाणी दिसलं तर ते तुमच्यामुळे आलंय असं समजू नका."

"म्हणजे...?"

"म्हणजे हो! आणि ती तिसरी मोटर बंद करा आधी, बेअरिंग गेलंय तिचं. इतके दिवस ऐकू नाही आलं?"

लग्न नोंदवून आता दोन वर्षं झाली. चमत्कार वगैरे काही झाला नाही, आणि त्याची वाट बघतही कुणी बसलं नाही. चिंगी त्यांना पंपकाका म्हणते आणि गणित अडलं की आईला सोडून त्यांच्याकडे जाते.

परवा शेजारीण दुकानाच्या पायरीवर टेकली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "काय गं, दोन वर्षं झाली, गोड बातमी कधी?"

मोटरवाली तोंड उघडणार तेवढ्यात आतून पंपवाले बाहेर आले. "वहिनी, ती चौकशी माझ्याकडे करायची. मला मूल होत नाही. चहा घेणार?"

शेजारणीला एकाएकी गॅसवरचं दूध आठवलं. ती लगबगीने गेली, आणि मोटरवाली इतकी हसली की तिच्या हातातली कॉइल सुटून सगळ्या तारेचा गुंता झाला.